होळीनंतरच्या विड्या

आमच्या गावात अजून सांगतात की मी विडी एका रात्रीत सोडली. लोक होळीत नारळ टाकतात, तसा मी विड्यांचा कट्टा टाकला, बोंब मारली आणि पुन्हा विडीला हात लावला नाही. हे खोटं आहे. सुरुवातीला ते मी पसरवलं नाही, पण खोडलंही नाही, आणि त्यात माझ्या मुलाच्या पायाचं बोट गेलं.

कट्टा टाकला हे खरं. दुसऱ्याच दिवशी, गाव धुळवड खेळत असताना, मी पेंढ्याच्या उडवीआड बसून विडी ओढली. पेंढा पेटेल याची भीती वाटली नाही. कोणी बघेल याची वाटली. विडी सोडली असं गावासमोर बोलून बसलो होतो. आता उघड ओढता येईना आणि सोडवतही नव्हती.

तंबाखू सोडायला सरकारी दवाखान्यात मदत करतात असं ऐकलं होतं. मुरबाडला ओळखीचं कोणी भेटेल, म्हणून मी जीपनं शहापूरला जायचो. घरी सांगायचो, शेणव्याला बहिणीकडे जातो.

तिथल्या समुपदेशक बाईंनी माझी टर उडवली नाही. कुठली विडी सोडणं सगळ्यात जड जातं, असं विचारलं. मी म्हणालो, सकाळच्या चहानंतरची. मग त्या म्हणाल्या, ओटीवर बसून चहा पिऊ नका, गोठ्यात काम करता करता प्या. तलफ आली की पाणी प्या, हातांना काहीतरी काम द्या, थोडा वेळ काढा. ती येते तशी जाते. निकोटिनची गोळीही दिली. ती जराशी चावून गालात धरायची असते. मी सुपारीसारखी चघळली आणि उचक्यांनी हैराण झालो. बायकोला सांगितलं, गॅसची गोळी आहे. मध्ये दोनदा घसरलो. बाई रागावल्या नाहीत, परत या म्हणाल्या. दर खेपेला मात्र एक गोष्ट सांगायच्या : घरात कोणाला तरी सांगा. तेवढं मी केलं नाही. विडी खरी सुटली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि खळ्यावर भाताची झोडणी चालू होती.

पुढे मुलगा मुरबाडच्या एका कारखान्यात लागला आणि तिथं त्याला सिगारेट लागली. तोही होळीत पाकीट टाकायचा. दरवर्षी. गावातले हसायचे, "टाक रे टाक, होळीला पन तलप आलीय!" आणि मी, त्याचा बाप, म्हणायचो, "मी एका झटक्यात सोडली. तुझ्यात दमच नाय." एकदा तो चाचरत म्हणाला, "बाबा, गोळ्या असतात म्हनं सोडायला." मी म्हणालो, "गोळ्या खाऊन सोडली तर ती काय सोडली?" हे वाक्य मला आज लिहवत नाही, पण मी तसंच बोललो होतो.

त्यानंतर त्यानं गोळ्यांचं नाव काढलं नाही. चालताना त्याची पोटरी दुखू लागली, मग बोट काळं पडलं. कल्याणच्या डॉक्टरांनी ते काढलं आणि सांगितलं, सिगारेटनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतायत, ती चालू राहिली तर पाऊलही जाईल. घरी आल्यावर आठवडाभरात तो मला परसात दिसला, पायाला पट्टी आणि हातात सिगारेट. मला बघून त्यानं ती मुठीत लपवली. चटका बसला असणार.

मी त्याच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. उडवी, शहापूर, गोळ्या, दोनदा घसरलो तेही. त्यानं आधी एवढंच विचारलं,

"आईला म्हाईत होतं?"

"नाय."

"म्हंजे ती बिचारी मरेपर्यंत मला तुमचं उदाहरण देत राहिली."

त्यानं मूठ उघडून चुरगळलेली सिगारेट खाली टाकली.

"मी नामर्द म्हनून जगलो, बाबा. दर होळीला."

मग त्यानं खाली बघतच विचारलं, "दवाखाना कुठंशी आहे?"

आता तो शहापूरला जातो. मध्ये एकदा त्याचीही सुटलेली परत लागली, पुन्हा थांबली. पाऊल वाचेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. काठी टेकत तो जीपपर्यंत जातो. पहिल्या खेपेला मी चप्पल घालून निघालो होतो. "मी येतो सोबत," म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "तुमी एकटेच गेला होतात ना."