माधवनगरात एक सर्बियन पत्र

पुणे, दि. ३ जानेवारी १९६५, रविवार

आपल्या वाचक मंडळाच्या या फिरत्या वहीत मी शेवटचं पान लिहिलं ते गेल्या पावसाळ्यात. त्यानंतर वही तीनदा माझ्या घरी आली आणि तीनदा कोरीच पुढे गेली. प्रकृती बरी नव्हती असं मी कळवलं होतं. ते खरं नव्हतं. लिहिण्यासारखं काही हातून झालं नव्हतं, आणि जे करायला हवं होतं ते राहून गेलं होतं. मंडळींनी क्षमा करावी.

त्या राहिलेल्या कामासाठीच नाताळच्या सुट्टीत साताऱ्यावरून सांगलीला आणि तिथून माधवनगरला जाऊन आले. तिकडे जायचा कुणाचा बेत असेल तर रस्त्याची माहिती उपयोगी पडेल म्हणून तीही लिहिते.

काम असं होतं. आमच्या शाळेचा शिपाई गणपत याचे मेहुणे आनंदा हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर ते गाझाकडे होते. तिथे गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये मिलान नावाच्या युगोस्लाव सैनिकाशी त्यांची दोस्ती झाली. दोघंही घरी परतल्यावर मिलानची पत्रं यायची, ती फौजेतलेच कोणी साहेब वाचून द्यायचे. साहेबांची बदली झाली आणि पुढचं पत्र तसंच पडून राहिलं. त्रेसष्टच्या दिवाळीत गणपतनं ते माझ्याकडे आणलं. मी तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकते, हे त्याला ठाऊक होतं. पत्र सर्बियनमध्ये होतं. मी ऐटीत म्हणाले, "अरे, या सख्ख्या बहिणी. दहा दिवसांत सांगते."

याला चौदा महिने झाले.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघाले. साताऱ्यापर्यंत तिकीट साडेतीन रुपयांच्या आसपास पडतं. खंबाटकीच्या घाटात डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम. थंडी चांगलीच होती, शाल हाताशी ठेवावी. साताऱ्यात मैत्रिणीकडे मुक्काम केला, हवालदारांच्या घरासाठी कंदी पेढे घेतले. महाबळेश्वरला जाणारी मंडळी स्टँडवर खूप होती. दुसऱ्या दिवशी कराडमार्गे सांगलीची गाडी धरली. कराडच्या स्टँडवरचा चहा फार गोड, पण कांदाभजी गरम मिळतात.

गाडीत मी माझी रशियनची वही उघडून बसले होते. पत्राची शब्दन् शब्द नक्कल मी तिच्यात करून घेतली होती. लिपी रशियनसारखीच, पण सहा अक्षरं अशी की रशियनमध्ये ती नाहीतच. ती बसली की पुढची वाट मोकळी वाटते. ब्रात म्हणजे भाऊ, वोदा म्हणजे पाणी, सिन म्हणजे मुलगा. रशियन येणाऱ्याला घरी आल्यासारखं होतं. मग एक शब्द असा येतो की ओळखच लागत नाही. घराला रशियन 'दोम' म्हणतं, तर सर्बियन 'कुचा'. आमचे शिक्षक सांगतात की सर्बियनचं खरं शेजारपण बल्गेरियन आणि मॅसिडोनियनशी. क्रोएशियन तर जवळजवळ तीच, फक्त रोमन अक्षरांत लिहितात. रशियन दूरची, पोलिश आणि चेक आणखी निराळ्या अंगाला. हे सगळं मी त्या दिवाळीच्या आधीच ऐकलं होतं. मग सख्ख्या बहिणी असं का म्हणाले?

शेजारी इस्लामपूरला उतरणारे एक म्हातारबुवा होते. ते बराच वेळ वहीत बघत होते.

"काय लिवलंय हे?"

"परदेशी भाषा आहे. शिकते आहे मी."

"आनि आमची कळती का?"

"कळते की."

"मंग सरका जरा. मघापास्नं सांगतोय, पिशवी माज्या पायावर हाय."

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण मघापासून ते सांगत होते हे खरंच माझ्या कानावर आलं नव्हतं.

सांगलीला दुपारी पोचले. भडंग घ्यायची तर स्टँडजवळ न घेता गावात शिरून घ्यावी. माधवनगर टांग्यानं फार लांब नाही. सुताच्या गिरण्या, त्यांचे भोंगे, आणि भोंग्यावर चालणारी घरं. हवालदार एका गिरणीच्या फाटकावर राखणीला आहेत, आणि मागच्या चाळीत त्यांची दोन खोल्यांची जागा.

दारात त्यांच्या पत्नी हौसाबाई होत्या. मी नाव सांगताच त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि माझा हात धरून मला आत बसवलं.

"आलासा बाई. लय वाट बघितली. आता काय, झालं ते झालं."

मला वाटलं, माझ्या उशिराबद्दल बोलतायत. मी म्हणाले, "माझंच चुकलं. फार उशीर झाला."

"तुमी काय करनार? त्याची येळच आली हुती."

समोर भिंतीवर गोऱ्या, रुंद कपाळाच्या सैनिकाचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. परक्या माणसाचा किती मान ठेवतात, असं मनात आलं. मग 'त्याची वेळ' हे शब्द पुन्हा ऐकू आले.

"हौसाबाई, कोण गेलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आसं काय करता? तुमीच न्हवं का कळवलं? कोपरा फाडूनच तर पाटवलंत पत्र."

आपल्याकडे मृत्यूची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडतात, ते दाराबाहेर वाचतात, घरात ठेवत नाहीत. मला ही चाल ठाऊक नव्हती असं नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः तशा कार्डांचे कोपरे फाडले आहेत.

झालं होतं ते असं. दोन महिने कोश घेऊन बसूनही पत्राचा सबंध अर्थ लागेना. अर्धामुर्धा सांगायचा नाही म्हणून मी काहीच सांगितलं नाही. नक्कल करून घेतली आणि मूळ पत्र गणपतबरोबर परत पाठवलं. 'सुट्टीत मी स्वतः येऊन वाचून दाखवीन,' असा निरोप दिला. पाठवण्याआधी मात्र कोपऱ्यातलं तिकीट शाळेतल्या मुलींच्या संग्रहासाठी कापून घेतलं. पाकीट नव्हतं, घडीचंच पत्र होतं, तिकिटाबरोबर कागदाचा कोपरा गेला. एकही अक्षर तुटू नये म्हणून मी फार जपून कात्री चालवली होती.

"आनि वर निरोप, बाई सोता येनार," हौसाबाई म्हणाल्या. "भेटाय सोता कवा येत्यात मानसं? तवाच ह्ये खाली बसलं."

पत्र ओढ्यात सोडलं होतं. हवालदारांनी आंघोळ केली आणि तीन दिवस फाटकावर गेले नाहीत. त्यानंतर मिलानच्या घरी पत्र नाही. कुणाला लिहायचं?

भोंगा झाल्यावर हवालदार आले. ताठ, मिशा पांढऱ्या. मी उभी राहून सगळं सांगितलं. ते खाटेच्या कडेला टेकले. "म्हंजी मिलान हाय?"

"पत्र लिहिलं तेव्हा होता. मला निम्मंच कळलंय. जे कळलं ते सांगू?"

"सांगू नगा. वाचा. जसं हाय तसं."

मी वाचू लागले. तिसऱ्याच शब्दाला, 'प्रिय' या अर्थाच्या द्रागीला, त्यांनी हात वर केला.

"द्रागी न्हवं ओ, द्राऽगी. लांब. हां, चला."

मला अक्षरं येत होती, भाषा नाही. त्यांना भाषा येत होती, अक्षरं नाही. मी वाचत होते आणि ते डोळे मिटून मराठीत सांगत होते, हौसाबाईंकडे तोंड करून. मी चौदा महिने ज्याच्याशी झगडले ते पाव तासात संपलं. मिलानला मुलगा झाला होता. हवालदारांनी त्याचा कुम व्हावं, असं त्यानं लिहिलं होतं. कुम हा शब्द रशियनमध्येही आहे. माझ्या कोशातला अर्थ वाचून मी 'स्नेही' असं टिपून ठेवलं होतं.

"स्नेही कशाचं?" हवालदार म्हणाले. "कुम म्हंजी सोयऱ्यापरीस वरचा. त्यांच्यात पोराचं नाव कुमानंच ठिवायचं आसतं."

शेवटच्या ओळीत एका शब्दाखाली मी प्रश्नचिन्ह केलं होतं. रशियनमध्ये तो नाही. मी तो तसाच वाचला. "चेकाम."

हवालदारांनी डोळे उघडले.

"वाट बघतोय म्हनतोय. वर्कशॉपच्या दारात गाडी हुबी करून रोज वरडायचा, चेकाम, आनंदा, चेकाम. तुजा शब्द येस्तवर नाव ठिवत न्हाई, वाट बघतोय."

 मग हौसाबाईच म्हणाल्या, "आवं, आदी त्यो हार काढा."

त्यांनी हार काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, हातातच धरून बसले.

मी म्हणाले, "आता उत्तर लिहूया. नाव कळवा."

"आता? पोरगं चालाय लागलं आसंल. बिननावाचं ठेवत्यात व्हय? दोनदा बारसं करायचं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "लिवा. या झिव. ति झिव. दोब्रो, ब्राते. काको झोवेश सिना? मी जिता, तू जिता. बरं झालं, भावा. पोराला काय म्हनून हाक मारतोस?" आणि माझ्याकडे बघून, "झिव म्हंजी आपला जीवच की ओ, बाई." मी ते देवनागरीत उतरवून घेतलं.

निघताना पेढ्यांतले निम्मे त्यांनी मलाच परत बांधून दिले. कोणी एक शब्द लावून बोललं नाही. बोलले असते तर परतीचा प्रवास सोपा झाला असता.

काल संध्याकाळी पोचले आणि गणपतच्या खोलीवर गेले. त्याला सगळं सांगितलं. वर्षभर रोज घंटेआधी तो मला पाणी आणून देत होता आणि पत्राचा विषय काढत नव्हता. भिडेनं, असं मी धरून चालले होते.

"तुमच्या तोंडनं वंगाळ कशाला बोलवायचं म्हनून इच्यारलं न्हाई," तो म्हणाला. "एकदा इच्यारायला पायजे हुतं बगा."

मीही एकदा विचारायला हवं होतं.

आज शिक्षकांकडे जाऊन आले. चेकाम पोलिशमध्ये आहे, चेकमध्ये आहे, म्हणाले. दोन भाषा किती जवळ आहेत हे मी अजून सांगू शकत नाही. पण ज्याचं पत्र होतं तो माणूस एका दिवसाच्या एस.टी.वर होता आणि मी कोशाकडे गेले. चूक होईल या भीतीला मी काटेकोरपणा म्हणत होते.

नकलेत मिलानचा पत्ता आहे. तो अजून तिथेच राहतो की नाही, कोण जाणे. हवालदारांचं पत्र त्या लिपीत लिहायला बसले, तर 'या झिव' मध्ये क्रियापद नाही असं वाटून हात दोनदा अडला. तसाच पुढे नेला.

उद्या: हवालदारांचं पत्र, एकही शब्द न सुधारता, शाळेत जाण्याआधी टपालात टाकणे.