आमच्या गाण्यातला ‘न्हाय’

मी तेव्हा सीमाभागातल्या आमच्या वडगावात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. आमचा बँड तिघांचा. ड्रमवर चिकोडीची एक मुलगी, घरची बोली कन्नड, नोकरी दवाखान्यात नर्सची. बेस गिटारवर निपाणीचा एकजण, तंबाखूच्या वखारीत कामाला. गायला मी. कॉलेजांच्या कार्यक्रमांत आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवायचो.

अशाच एका गॅदरिंगला संयोजकांनी आम्हाला मध्येच थांबवलं. गिटार हळू करा, मुलींनी जरा गोड काहीतरी म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं एक गोड गाणं. टाळ्यासुद्धा घेतल्या. घरी येताना मात्र बसमध्ये स्वतःचीच चीड येत राहिली.

घरी आई यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरत बसली होती. धोट्यात घालायचं सूत कांडीवर गुंडाळायचं, हे विणकराच्या घरातलं बायकांचं काम. मी झालेलं सांगितलं. तिनं समजूत घातली नाही. ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अपघाताबद्दल बोलायला लागली. मी दुसरीत असताना आप्पांची दोन बोटं मागात गेली. ते दवाखान्यात, इकडं दोन्ही माग बंद. थोरल्या काकांनी माग विकायचं ठरवलं आणि गिऱ्हाईक घेऊनच आले. आई म्हणाली, मी चालवते. काका म्हणाले, बाईमाणसानं कांड्या भराव्यात, मागाला हात लावू नये.

“मग तू काय म्हणालीस?”

“न्हाय म्हटलं. आणि माग सुरू केला.”

एवढंच. काका बराच वेळ उभे होते म्हणे. मागाच्या खडखडाटात त्यांचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

त्या आठवड्यात मी गाणं लिहिलं. कडवी साधी होती, आई मागावर बसल्याची गोष्ट. धृपदात एकच शब्द, न्हाय. गिटारची सगळ्यात जाड तार मी एक सूर खाली उतरवली, त्यावर तीन सुरांची एक ओळ सापडली आणि ती सोडवेना. जो तो सांगायचा, मागाचा ठेका घ्या, घरचंच आहे. आम्ही घेऊन पाहिला. माग सारख्या चालीनं चालतो, संतापाचं तसं नसतं. गाणं पेंगायला लागलं. आई म्हणाली, “दिवसभर तेच ऐकायचं, आणि गाण्यातबी तेच व्हय?” ठेका टाकून दिला. मग ड्रमवालीनं स्वतःचा बसवला, अडखळत येऊन एकदम अंगावर कोसळणारा.

धृपदाच्या शेवटच्या फेरीत माझ्या मागून ती कन्नडमध्ये ‘वल्ले’ म्हणायची. म्हणजे मला नको, मी करणार नाही. हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. एका तालमीत तिच्या तोंडून निघालं आणि राहिलं.

रेकॉर्डिंगला कोल्हापूरला गेलो. स्टुडिओवाला माणूस भला होता, गाणं त्याला आवडलंही. पण ‘न्हाय’ गावंढळ वाटतंय, पुढं चालायचं नाही, ‘नाही’ म्हणा, असं त्यानं सुचवलं. आणि ते कन्नड कशाला मध्ये? मी एकदा ‘नाही’ म्हणून पाहिलं. काचेपलीकडं ड्रमवाली मान खाली घालून बसली होती. इकडं कोल्हापुरात आमची मराठी शुद्ध नाही, तिकडं घराकडं आम्ही कन्नड सोडून मराठी बोलतो म्हणून प्रश्न. आयुष्यभर दोन्हीकडच्यांना खुलासे देत आलो होतो. मी कानावरचे हेडफोन काढले आणि त्याला सांगितलं की गाणं असंच होणार, नाहीतर इथं होणार नाही. आम्ही सामान आवरलं. परतीच्या वाटेवर बेसवाला म्हणाला, “तुमच्या शेडमध्येच करू की. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्याचं मी बघतो.”

पुढच्या सुट्टीला तो वखारीतली रिकामी पोती घेऊन आला. माग बंद होते. भिंतींवर आणि पत्र्याखाली आम्ही पोती टांगली. घुमणं थांबलं, पण तंबाखूच्या वासानं तिघंही शिंकत होतो. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ड्रमवालीची एक शिंक आहे, अजून ऐकू येते.

‘न्हाय’ मात्र जमत नव्हतं. मी घसा फुटेपर्यंत ओरडत होते. सातव्या-आठव्या वेळी आई दारात येऊन उभी राहिली.

“तू म्हणतीस तवा विचारल्यागत वाटतंय,” ती म्हणाली. “विचारू नको. सांग.”

“ओरडतेय की एवढी.”

“त्या दिवशी माझा आवाज चढला न्हवता.”

मग आम्ही ती जागा बदलली. तिथं सगळी वाद्यं थांबवली. त्या शांततेत मी साध्या आवाजात, आईकडं बघत म्हटलं, न्हाय. आणि त्यावर तिघंही एकदम तुटून पडलो. पत्रा हादरला. पुन्हा करायची गरज पडली नाही. आई आत गेली. मला रडू आलं, पण बेसवाला शिंकला आणि ते तिथंच राहिलं.

संकेश्वरच्या एका कार्यक्रमात ते पहिल्यांदा वाजवलं. आधी एका संयोजकानं शेवटची कन्नड फेरी गाळा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं सगळं कन्नडातच करता येईल का विचारलं. आम्ही दोघांचंही ऐकून घेतलं आणि गाणं अख्खं वाजवलं. पुढच्या रांगेतले काही उठून गेले. तिसऱ्या फेरीला शांततेची जागा आली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्च्यांवरच्या बायका म्हणाल्या, न्हाय. माझा हात तारेवरच थांबला. ड्रमवालीनं वाट पाहिली नाही, म्हणून निभावलं.

याला आता बरीच वर्षं झाली. कॉलेजची मुलं ते ‘जुनं गाणं’ म्हणून वाजवतात, आमच्यापेक्षा सफाईनं. मध्यंतरी एका जाहिरातीसाठी विचारणा आली, फक्त तो शब्द सुधारून हवा होता. मी उत्तर एका शब्दात पाठवलं.

ड्रमवालीचं लग्न उशिराच, गेल्या वर्षी झालं. सासर सदलग्याचं. तिकडच्या मंडळींनी आधीच सांगितलं होतं की हे वाजवणं आता पुरे. तिनं वाद घातला नाही. पाठवणीच्या दिवशी कपाटाच्या आधी ड्रम टेम्पोत चढवले आणि स्वतः दोऱ्या आवळल्या. सासूनं दारातच विचारलं, हे एवढं कुठं ठेवायचं?

“पुढच्या खोलीत,” ती म्हणाली, आणि पहिला ड्रम उचलून आत गेली.