‘गुलाबी आलं का?’

लॅबमधला कचरा रोज उचलला जातो, किस्से मात्र कुणी उचलत नाही. ते साचतच जातात!

आमची लॅब क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर. काम नायट्रिक ऑक्साइड मोजायचं. हा वायू आपल्या रक्तवाहिन्या सैल ठेवतो, पण स्वतः काही सेकंदांत गायब होतो. मग त्याच्या मागं जे उरतं, ते नायट्राइट आणि नायट्रेट, आम्ही मोजतो. नमुन्यात आमचं रसायन टाकलं की नायट्राइटमुळं गुलाबी रंग येतो. जितकं जास्त, तितका गडद. नायट्रेटचं आधी नायट्राइट करून घ्यायचं, मग तेच. म्हणून आमच्याकडं ‘जेवलात का?’ नंतर विचारतात, आधी ‘गुलाबी आलं का?’

या रंगावर नाझनीनची पीएचडी टांगलेली. मधुमेही आणि निरोगी माणसांतला फरक तिला दाखवायचा होता. परीक्षकांचा रंगावरच विश्वास बसला नाही, तर सगळी वर्षं पाण्यात. मी तिथं टेक्निशियन, त्यामुळं तिच्याइतकीच धाकधूक मलाही!

*

एकदा तिच्या साध्या पाण्याच्या नळीलाही रंग यायला लागला. त्यात काहीच नसतं, ती बिनरंगीच राहिली पाहिजे. रसायन बदललं, पाणी बदललं, तरी गुलाबी! गंमत म्हणजे शेजारच्या पोरांच्या नळ्या एकदम स्वच्छ.

नाझनीन रडकुंडीला आली. “मेरेच नळ्या को क्या दुश्मनी है?”

शेवटी मी भांडी धुणाऱ्या गायकवाडमामांना विचारलं, “मामा, हिच्या नळ्या कशानं धुता?”

मामा अभिमानानं म्हणाले, “बाकीच्यांच्या साबणानं. ही पोरगी लई कष्ट करती, म्हणून हिच्या तेवढ्या नायट्रिक ॲसिडनं!”

नायट्रेट शोधणाऱ्या पोरीला मामांनी मायेपोटी नायट्रेटच वाढलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

*

श्वासातला वायू थेट मोजणारं एक मशीनही आहे. ते खिडकीशी ठेवलंय. ऑफिसं सुटली की त्यावरचा आकडा आपोआप चढतो, कारण गाड्यांच्या धुरातही हाच वायू. आमचे गाइड साळवे सर पुंडलिकनगरला राहतात. चौकात ट्रॅफिक किती, हे ते खाली डोकावून कधीच बघत नाहीत.

सहा वाजले की आतून आवाज येतो, “आकडा उतरला का? निघू?”

*

मधुमेही असो वा निरोगी, सगळ्यांना आम्ही चाचणीआधी पालक, मेथी, बीट, मुळा बंद करायला सांगतो, कारण त्यांत नायट्रेट भरपूर. पाचोडचे एक काका पथ्य पाळून आले, तरी त्यांच्या लघवीची नळी गडद गुलाबी!

“काका, पालक खाल्ला?”

“नाय वो ताई.”

“मेथी?”

“शपथ घेऊ का? नुसती भाकर अन् बेसन खाल्लंय.”

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायले. नाझनीनचे डोळे चमकले. “हे पाणी कुठलं?”

“घरच्या बोअरचं. शहराचं पाणी मला मानवत नाय.”

ते तपासलं, तर त्यात नायट्रेट मरणाचं! पुढच्या आठवड्यात काका पोतं घेऊन हजर. आत बाटल्याच बाटल्या.

“अख्ख्या गल्लीचं पाणी आणलंय. कुणाचं जास्त गुलाबी, त्याच्यावर पैज लागलीय!”

पण एका घरात तान्हं बाळ होतं आणि असं पाणी बाळाला वाईट. स्वतःचं काम बाजूला ठेवून नाझनीननं सगळ्या बाटल्या तपासल्या. मला तिचं फार कौतुक वाटलं.

*

आणि मग तिची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक आदल्या रात्रीपासून साळवे सरांच्या पाहुणचारात होते. सकाळी मात्र चेहरा कडक!

“रंग काय, कशानंही येतो. माझ्यासमोर करून दाखवा.”

“सर, थुंकीवर करू या,” नाझनीन म्हणाली. “जिभेवरचे जंतू नायट्राइट बनवतात. रंग हमखास येतो.”

“मग माझीच घ्या!”

घेतली. रसायन टाकलं. आम्ही सगळे वाकून बघतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नळी पाण्यासारखी नितळ! साळवे सरांनी रुमाल काढला. मी घाईघाईनं माझी थुंकी दिली. ती लगेच गुलाबी.

“म्हणजे माझ्यातच खोट आहे?” परीक्षकांचा आवाज चढला.

नाझनीन मात्र घाबरायचं विसरूनच गेली होती. तिनं नळी उजेडात धरली, मग परीक्षकांकडं निरखून बघितलं.

“सर, एक विचारू? आज सकाळी माउथवॉशनं गुळण्या केल्या का? म्हणजे, भरपूर? त्यानं ते जंतू मरतात.”

परीक्षकांचे कान लाल झाले.

“केल्या,” ते म्हणाले.

“मग रंग येणारच नाही, सर! आमची पद्धत बरोबर आहे!”

त्यांनी नळीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, रिपोर्ट ओढला आणि सही केली. टाळ्या पडल्या. नाझनीनच्या अम्मी मागच्या रांगेत रडायलाच लागल्या.

मी नळ्यांचा ट्रे घेऊन बाहेर निघालो होतो. दाराशी परीक्षकांनी साळवे सरांचा दंड धरला आणि हळूच विचारलं, “काल रात्री आपण ‘बसलो’ होतो, हे हिला कुणी सांगितलं?”