पादरीबाबांचं बुडालेलं गाव

नागपूरहून सकाळची एसटी धरली तेव्हा धुकं विरलं नव्हतं. भंडाऱ्याअलीकडचं शहापूर मागे पडलं आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (भाताची खाचरं) दिसू लागल्या. मी निघालो होतो रेव्हरंड शमुवेल बोरकरांना भेटायला; पाद्रीने राजकारणात जावं की नाही, हे त्यांना विचारायचं होतं. आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये त्यांच्याविषयी दोन गोष्टी सांगत. ते निवडून येऊन जिल्हा परिषदेत गेलेले पाद्री होते, आणि पुढे दुभंगलेल्या मंडळ्यांना (गावोगावच्या चर्चच्या सभासदांना) एकत्र ठेवणारे अध्यक्ष. मधल्या काळात काय घडलं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

भंडाऱ्यात उतरून रिक्षा केली. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा दिसली. धरणाचं पाणी मागे साचून ती तळ्यासारखी पसरली होती. रिक्षावाल्याने मला आधी भलत्याच पुनर्वसनाच्या गावात नेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, कोवळी झाडं. अशी सगळीच गावं सारखी दिसतात.

"पादरीबाबाकडं जाऊन राहिले, तं पहिलेच सांगाचं ना," तो म्हणाला. "त्यायले कोण नाही ओळखत?"

बोरकर ओसरीत बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. त्यांची मुलगी रूथताई शाळेत शिकवते. "बसा भाऊ, मी पाणी आणतो," ती म्हणाली. इकडे बायकाही 'मी आणतो, मी जातो' असंच बोलतात.

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि झिंग्यांची (छोट्या कोळंबीची) भाजी होती. जेवता जेवता मी राजकारणाचा विषय काढला.

"जुनं गाव पाण्यात जाणार होतं," बोरकर सांगू लागले. "कचेरीत जाऊन बोलणारा कोणी नव्हता. लोकं म्हणाले, बाबा, तुमीच उभे राहा. आमचे किरिस्तावांचे घरं बोटावर मोजण्याएवढे. मतं देल्ली ती हिंदूंनं आन् बौद्धांनं."

निवडून आल्यावर त्यांनी शाळेसाठी, विहिरींसाठी खेटे घातले. गाव उठायची वेळ आली तेव्हा एक अधिकारी त्यांना म्हणाला, तुमचं कब्रस्तान लहान आहे, तेवढ्या कबरी नव्या जागी हलवून देऊ. इथली बौद्ध कुटुंबंही मृतांना पुरत; त्यांची दफनभूमी मोठी होती. बोरकरांनी तीही हलवायला सांगितली. अधिकाऱ्याने नकार दिला. पाणी चढायला फार दिवस उरले नव्हते.

"मंग मी म्हटलं, आमचंही राहू द्या. मी साऱ्यांचा मेंबर होतो."

त्या कब्रस्तानात त्यांची पत्नी होती, रूथताईची आई. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

पाणी आलं. कबरी बुडाल्याच्या रागाने चर्चच्या लोकांनी बोरकरांना उपदेशाला उभं राहू दिलं नाही. पुढच्या निवडणुकीत ते पडले. कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गावांत, झाडाखाली प्रार्थना घेतल्या. मग मंडळ्यांमध्ये मालमत्तेवरून दोन तट पडले आणि अध्यक्ष कुणी व्हावं यावर एकमत होईना. तेव्हा दोन्ही तटांना बोरकरांचंच नाव सुचलं. ज्याने स्वतःच्या बायकोच्या कबरीसाठी वेगळा न्याय मागितला नाही, तो आपल्याला फसवणार नाही, एवढी दोघांनाही खात्री होती.

"लोकं हे मोठ्या अभिमानानं सांगतात," रूथताई म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं होतं. "बाबा, तुमी बरोबर केलं का चूक, ते मी नाही म्हणत. पण ते माही माय होती. मले एकडाव विचारा लागत होतं."

बोरकरांचा हात भातात तसाच राहिला.

"होय," ते म्हणाले. "विचारा लागत होतं. तू नाही म्हणशीन, असं वाटलं मले. म्हणून नाही विचारलं."

त्या दिवशी रूथताईच्या आईचा स्मृतिदिन होता, हे मला नंतर कळलं. ऊन कलल्यावर आम्ही काठावर गेलो. डोंगा (लाकडी नाव) घेऊन ढिवर (मासेमार) थांबला होता. रूथताई दरवर्षी या दिवशी एकटीच, कब्रस्तान बुडालं तिथवर जाते आणि बोरकर काठावर उभे राहतात, असं त्याने मला हळूच सांगितलं.

रूथताई डोंग्यात बसली. मग मागे वळून तिने हात पुढे केला.

"चला, बाबा."

बोरकरांनी चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि ते पाण्यात उतरले. ढिवराने एका बाजूने आणि तिने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना आत घेतलं. मी काठावरच थांबलो. डोंगा दूर जाऊन एका जागी स्थिर झाला. तिथे नुसतं पाणी होतं. प्रार्थनेचे शब्द ऐकू येत नव्हते, पण दोन डोकी एकमेकांजवळ झुकलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो. पाद्रीने राजकारणात जावं की नाही, हा प्रश्न घेऊन मी भंडाऱ्याला आलो होतो आणि त्याचं उत्तर मला मिळालं नाही. इतकं मात्र कळलं, की साऱ्यांना सारखा न्याय देणाऱ्या माणसाच्या घरातही कुणीतरी न्यायाची वाट पाहत बसलेलं असतं. बोरकरांना आपल्या मुलीपर्यंत पोचायला सगळ्यांत जास्त वर्षं लागली.