सावलीच्या चिठ्ठीबाबत

अर्जदार: मी स्वतः, आर्वीला कचेरीच्या फाटकासमोर बसणारा अर्जनवीस. विरुद्ध: एक स्टीलचा डबा. घटनेची तारीख: दरवर्षी मार्चअखेरचा सोमवार. साक्षीदार: चहाच्या ठेल्यावरची बाई, आणि इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी माझी मुलगी. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. कागदावर नाव आले की माणूस बिथरतो, हे मी धंद्यात पाहिले आहे.

हकीकत अशी. फाटकासमोर आम्ही पाच अर्जनवीस बसतो. तिथला कडुलिंब रस्त्याच्या कामात निम्मा तोडला गेला आणि एकाच टेबलाला पुरेल इतकी सावली उरली. ती वर्षभर कोणाची, हे चिठ्ठीने ठरते. प्रत्येकाने आपापले नाव लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची, चहावालीने डबा हलवून तोंड फिरवायचे आणि एक उचलायची. तीन वर्षे माझी चिठ्ठी निघाली नाही. छत्री बांधून पाहिली. वाऱ्याने छत्री आणि पक्षकाराचे कागद दोन्ही रस्त्यावर नेले. गेल्या मे महिन्यात एका वारसाचा अर्ज लिहिता लिहिता मी टेबलावरच कोसळलो. पुन्हा असे ऊन लागले तर धंदा सोडावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. माझे शिक्षण दहावीपर्यंत (निकालाचा तपशील येथे अप्रस्तुत), परंतु माझ्या लेखणीवाचून या तालुक्यातील अनेकांची गाऱ्हाणी तोंडातच राहिली असती. धंदा सोडून मी करणार काय?

मार्च लागला आणि मला एका जागी बसवेना. जेवतानाही उठून अंगणात जात असे. यंदा आपलीच पाळी, असे मी मनाशी घोकत होतो. एके संध्याकाळी मुलीसमोर बोलून गेलो.

"बाबा, पाळी कायची?" ती म्हणाली. "चिठ्ठीले मागच्या वर्षीचं काई आठवत नाई. दरसाली पाचात एक, तेवढंच."

"आणि तीन वर्षं नाही निघाली, ते?"

"न निघाची शक्यता पाचात चार. तिचे पुन्हा पाचात चार, अन् त्याचे बी पाचात चार. अर्ध्याहून थोडं जास्तच भरते. म्हंजे तुमच्यासोबत जे झालं, ते नाणं उडवून छापा पडावा तितकंच नवलाचं."

ज्याला मी अन्याय समजत होतो त्याला पोरीने छापा म्हटले. मी हट्टाला पेटलो. घरचा डबा आणून करून दाखव म्हणालो. चार चिठ्ठ्या तिने आमच्या मंडळींच्या रीतीने चुरगाळून टाकल्या. माझी मी माझ्या पद्धतीने केली. अर्जासारखीच चिठ्ठीचीही घडी मी नखाने दाबून चौपट घालतो, कागद सुपारीएवढा होतो. तालुक्यात तशी घडी दुसऱ्या कोणाची नाही. ती डबा हलवी, न पाहता उचली, पुन्हा टाकी. स्वयंपाक खोळंबला. माझी चिठ्ठी क्वचितच निघाली. शेवटी तिने आत डोकावून पाहिले.

"हे पाहा. हालवलं का तुमची घडी खाली जाऊन बसते, अन् हात पडते वरच्या फुगीर कागदावर. पाचात एक कवा? साऱ्या चिठ्ठ्या सारख्या असल्या तवा. मी ते धरूनच चालली होती."

त्या रात्री झोप लागली नाही. पण तो आनंद होता. सुबक घडी घालणाऱ्यास उन्हात बसवणारी पद्धत सदोष आहे, हे सिद्ध झाले होते.

सोमवारी मी मागणी मांडली: एकाच कागदाच्या पाच चिठ्ठ्या, एकाच हाताने, एकाच घडीच्या. आमच्यातले सर्वांत वयस्क अर्जनवीस, जे गेले वर्षभर सावलीत होते, हसले. "काऊन हो वकीलसाहेब, पोरगी कॉलेजात गेली तं आता चिठ्ठ्याइले बी शिकवता का?" तरीही मंडळींनी मान्य केले. मुलीने कागद कापले, घड्या घातल्या. मी ठेल्याभोवती येरझारा घालत होतो.

"बसा ना भाऊ एका जागी," चहावाली म्हणाली. "तुमच्यापायी मलेच चक्कर येऊन राह्यली."

तिने डबा हलवला, तोंड फिरवले, उचलली. नाव त्याच वयस्क गृहस्थांचे. लागोपाठ दुसऱ्या वर्षी.

मी उरलेल्या चिठ्ठ्या तपासण्याची मागणी केली. चारही सारख्या होत्या. माझी अगदी वरच पडली होती.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "यंदा कोणाचीच चूक नाई."

हे वाक्य तेव्हापासून मला बसू देत नाही. आजवर जितके अर्ज लिहिले त्या प्रत्येकात 'विरुद्ध' या शब्दापुढे लिहायला काहीतरी होते. तलाठी होता, भाऊ होता, गेल्या सालापर्यंत डबा होता. वर सवयीने पुन्हा डबाच लिहिला आहे. परंतु त्याच्याविरुद्ध माझ्याकडे आता पुरावा नाही. पुढच्या मार्चमध्येही पाचात एकच. मधला उन्हाळा मात्र पूर्ण माझा.

सबब, हा विषय ज्यांच्या अखत्यारीत येत असेल त्यांना नम्र विनंती की, चिठ्ठी निर्दोष असून अर्जदार उन्हात बसत असल्यास त्याने दाद कोणाकडे मागावी, हे लेखी कळवावे. ऊन माझ्या टेबलावर सकाळी दहाच्या सुमारास येते. उत्तर त्याआधी मिळावे.