दातांनी ऐकणारे मामंजी

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही आणि अक्षर तर पहिल्यापासून वाकडं. नगरकडे मामाच्या गावी चौथीपर्यंत शिकले, मग मोगलाईत परत आले, लग्न झालं आणि सासरी लिहायचं काम पडलंच नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांना माझ्या अक्षराचं काही वाटलं नसतं. त्यांना मोडीत सही करता येत होती, तेवढीच.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाणं दातांनी ऐकायचे. हे मी थट्टेने लिहीत नाही. फोनूला, म्हणजे गाण्याच्या थाळ्या वाजवायच्या बाजाला, चावी द्यायची, थाळी फिरू लागली की वीतभर वेळूची काडी दातात धरायची आणि काडीचं दुसरं टोक डबीवर टेकवायचं. डबी म्हणजे जिच्यात सुई बसवतात आणि जिच्यातून आवाज कर्ण्यात जातो ती. मग डोळे मिटायचे. मान डोलायची ती बरोबर ठेक्यावर. केजच्या बाजारात लोक गाणं ऐकायला जमत त्यापेक्षा हे बघायला जास्त जमत. एकाने विचारलं, "तात्या, गाणं चावून खाताव का काय?" मामंजींना ऐकू आलं नाही, पण लोकांची तोंडं वाचायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "तुमी कानानं ऐकता म्हून घरी जाईपत्तर इसरता. माझं पोटात जातं."

माझ्या लग्नाआधी मुदतीच्या तापात त्यांचे कान गेले होते. त्यापूर्वी गाण्याचा भारी नाद. कुठे भजन आहे म्हटलं की आमच्या नांदूरघाट गावाहून निघून उजाडायला परत. ताप उतरला आणि घरातली माणसं नुसतीच तोंडं हलवताना दिसू लागली. पुढे एकदा काही कामाने केजला कचेरीतल्या एका पेशकाराच्या घरी गेले, तिथे टेबलावर फोनू वाजत होता. यांनी टेबलावर हात ठेवला, हाताला काहीतरी लागलं, आणि भरल्या बैठकीत खाली वाकून टेबलाच्या कडेला दात लावले. मंडळींना वाटलं, म्हातारा फेफरं येऊन पडला. मामंजी उठले ते डोळे पुसतच. पेशकाराची बदली झाली तेव्हा तो फोनू त्यांनी विकत घेतला.

पैसे माझ्या वडिलांचे. अण्णांची गेवराईला कापसाची अडत होती, नवे व्याही म्हणून त्यांनी निजामाचे हाली रुपये मोजून उसने दिले. त्यामुळे मी आणि फोनू एकाच महिन्यात या घरात आलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला सांगत, "येका बापानं दोन नग धाडलेत. येक गातंय, दुसरं बोलंना." मला लाजेने खरंच बोलता येत नसे. शिवाय सुनेच्या माहेरच्या पैशावर सासरा बाजा वाजवतो ही बोलणी मलाच जास्त लागत, कारण मामंजींना ती ऐकू येत नव्हती. त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की पैसे फिटेपर्यंत माझ्या माहेरी पाणी प्यायचं नाही. बाजारात थाळ्या वाजवून जे मिळे त्यातून ते थोडं थोडं बाजूला टाकत.

सुई लावणं हे त्यांचं खास काम. त्याला ते कुणाचा हात लागू देत नसत. आत्याबाईंचा कुंकवाचा आरसा थाळीवर ठेवायचा आणि सुई हलकेच आरशावर टेकवायची. सुई आणि आरशातली सुई मिळून एक सरळ रेघ दिसली तर डबी उभी बसली. रेघ गुडघ्यासारखी मोडलेली दिसली तर डबी कललेली. मग सुईचा पाठीमागचा कल बघायचा. थाळीवरच्या बारीक रेघांना ते तास म्हणत, नांगराच्या तासासारखे. फाळ फार उभा धरला तर रुततो, फार निजवला तर वरूनच घसरतो. त्यांचं म्हणणं, गायलेलं माणूस त्या तासात निजलेलं असतं, त्याला ओरबाडून उठवू नये. ते जुन्या आरशाचं कौतुकही करत. आत्याबाई म्हणत, माझं तोंड बघायला आरसा मागितला की मिळत नाही.

तरी त्यांना एक अडचण होतीच. दातांना सूर कळे, ठेका कळे, पण कर्ण्यातून बाहेर काय पडतंय, खरखर किती, हे कळत नसे. त्यासाठी कान हवा. आमचे हे, म्हणजे त्यांचा मुलगा, शेतावर जायच्या घाईत प्रत्येक वेळी मान हलवून "चांगलं हाय" म्हणत. शेवटी मामंजींनी मला हाक मारली. "सूनबाई, तू खोटं बोलायची न्हाईस. तू बोलतच न्हाईस."

आता सून सासऱ्यासमोर मोठ्याने कशी बोलणार? आणि बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढं बोलले तर सगळी गल्ली ऐकणार. वाट त्यांनीच काढली. मी फोनूच्या लाकडी पेटीवर नखाने टिचकी मारायची. ती काडीतून त्यांच्या दातांत जाई. एक टिचकी म्हणजे डबी आत कलती करा, दोन म्हणजे बाहेर. सगळं जमलं की पेटीवर तळवा ठेवायचा. ते काडी दातात धरून बसत आणि मी पदर दातात धरून उभी राही. महिन्याभराने खरखरीतला फरक मला भाजीतल्या मिठासारखा कळू लागला. एकदा त्यांनी मुद्दाम डबी केसभर वाकडी केली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी टिचकी मारली तसे ते आपल्याशीच हसले, आणि त्या दिवसापासून आरसा मला आणायला सांगू लागले.

पुढे थाळ्या झिजल्या. त्याच त्या गाण्यांना बाजारातले लोक कंटाळले, मिळकत आटली. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि अण्णांचा निरोप आला. लेकीच्या सासरी तगादा लावणं त्यांना बरं वाटत नव्हतं, पण अक्षय तृतीयेच्या आत पैसे तरी द्यावेत, नाहीतर फोनू तरी. गिऱ्हाईक त्यांनी बघून ठेवलं होतं. फोनू जाणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला एक वस्तू कमी झाली असती. मामंजींना पुन्हा नुसती हलणारी तोंडं उरली असती.

नवी गाणी मिळाली तर बाजार पुन्हा जमेल म्हणून मामंजी परळीला गेले आणि बाजूला टाकलेले सगळे पैसे देऊन थाळ्यांचं एक गाठोडं घेऊन आले. थाळ्या मोठ्या, जाड, नव्या दिसणाऱ्या आणि फार स्वस्त. दुकानदाराला त्या वाजवता येत नव्हत्या, तसं त्याने सांगितलंही होतं. यांना वाटलं, सुई लावायची अक्कल नसेल. घरी आणून लावल्या तर सुई कडेवर टेकवताच घसरून बाहेर पडे. धरून ठेवली तरी कर्ण्यातून नुसती फुसफुस. एकेक करून सगळ्या लावून झाल्या. आमचे हे दारात उभे होते. ते म्हणाले, "बहिऱ्याला मुक्या थाळ्या इकल्या लोकांनी." मामंजींनी त्यांचं तोंड वाचलं असावं. फोनूवर धडपं टाकून ते गोठ्याकडे गेले, जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धान्य निवडत होते. मामंजी पुन्हा फोनूपाशी बसले होते. काडी रोजच्यासारखी डबीवर न टेकवता त्यांनी ती सुई जिच्यात घट्ट बसते त्या मुठीवर वरून टेकवली होती. बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, ही गातीया." मी घाबरले. कर्ण्यातून काहीच येत नव्हतं. त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. "बाई गातीया. मला ऐकू येतंय. तुमालाच न्हाई."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. माझा मात्र विश्वास बसला, कारण त्यांची मान ठेक्यावर डोलत होती आणि त्यांची मान कधी खोटी डोलली नव्हती. मग त्यांनी मला समजावून दिलं. रोजच्या थाळीत सुई डाव्या-उजव्या अंगाला थरथरते. हिच्यात ती वर-खाली नाचते, उखळातल्या मुसळासारखी. आमची डबी कडेच्या थरथरीकडे तोंड करून बसलेली, तिला मुसळाचा पत्ताच नाही. म्हणजे डबीचं तोंड पाव वळण फिरवायला हवं. सुई बाहेर का पळते तेही त्यांना उमगलं. या थाळीचं गाणं मधून सुरू होऊन कडेकडे येत होतं. ते म्हणाले, "आतून भाईर येती ही. तुज्यासारखी हाय, सूनबाई. घाई करून चालायचं न्हाई."

डबी फिरवायची तर मध्ये वाकडी नळी हवी. परसात वाळलेला दुधी भोपळा होता, त्याची वाकडी मान त्यांनी कापली, आतून कोरली आणि मेणाने बसवली. सुईचं टोक गोल हवं, नाहीतर मऊ तासांत रुतणार; ते त्यांनी देवघरातल्या सहाणेवर घासलं. आत्याबाईंनी तोंड सोडलं. मामंजींना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं, म्हणून ते पाठ करून बसले. मग रोज दुपारी आमचं सुरू झालं. आधी कर्ण्यातून चिमणीसारखी चिवचिव निघाली. मी टिचकी मारली. मग शेळीसारखं काहीतरी. पुन्हा टिचकी. असं करता करता एका दुपारी एकदम एक बाई गाऊ लागली, इतकी स्वच्छ की मी पदर सोडून दोन्ही तळवे पेटीवर ठेवले. आत्याबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ही बया इतके दिस कुटं दडली होती?"

शिवरात्रीला परळीच्या जत्रेत त्या थाळ्या वाजल्या. वैजनाथाच्या दर्शनाला म्हणून आम्हा बायकांनाही गाडीतून नेलं होतं, त्यामुळे मी ते डोळ्यांनी पाहिलं. अशी गाणी तिथे कुणाकडेच नव्हती. शेजारी एक नवा चकचकीत फोनूवाला होता. तो आधी "बहिऱ्याचा बाजा" म्हणून ओरडत होता, संध्याकाळी आपलं दुकान बंद करून आमच्याच गर्दीत बसला. कुणीतरी हातवारे करून मामंजींना विचारलं, ऐकू येत नाही तर सुई इतकी नेमकी लावता कशी? मामंजींनी दातातली काडी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दात माजे हायेत. कान माज्या सुनंचे." लोक सून कोणती म्हणून बघू लागले. मी गाडीच्या तट्ट्याआड तोंड लपवलं. पण खरं लिहायचं तर मला त्या दिवशी तट्ट्याबाहेर यावंसं वाटलं होतं.

मामंजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांचे पुढचे दात शाबूत होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. माझे कान अजून त्यांनी लावून दिलेत तसेच आहेत. जात्याचा खुंटा सैल झाला की पीठ बघायच्या आधी मला आवाजावरून कळतं. नातवंडं हसतात. मला हे सांगताना लाज वाटत नाही.

परळीच्या जत्रेतच मोठी मिळकत झाली होती. तिथून आल्यावर होळीपर्यंत आणखी दोन-तीन बाजार झाले आणि रक्कम पुरी झाली. आमचे हे ती घेऊन गेवराईला गेले. मामंजी दोन दिवस ओसरीवरून हलले नाहीत. वाटेत चोरीमारीचं भय होतं, आणि व्याही व्याजाचं काही काढतील असंही त्यांच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी हे आले, धुळीने भरलेले, थकलेले. बापाने नजरेने विचारलं. यांनी दोन्ही हात झाडून रिकामे दाखवले. आता काही देणं उरलं नाही, असं त्यांना सांगायचं होतं. मामंजींनी पाहिलं ते रिकामे हात. वाटेत लुटलं, एवढंच त्यांना कळलं, आणि ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले. हे मोठ्याने बोलू लागले, पण मामंजींनी डोळे मिटून घेतले होते, तोंड वाचणार कोण?

मी माजघराच्या दारात होते. मला एवढंच सुचलं की डबीतलं गाणं जर कर्ण्यातून बाहेर येतं, तर बाहेरचं बोलणं कर्ण्यातून डबीत का जाणार नाही. मी ओसरीवर आले. काडी त्यांच्या दातात दिली, टोक डबीवर टेकवलं आणि कर्ण्यात तोंड घालून बोलले. सासऱ्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

"मामंजी, माझ्या वडिलांचे पैसे पोचले."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. काडी तशीच दातात धरून त्यांनी विचारलं, "समदे?"

आत्याबाई बघत होत्या. समोरच्या ओट्यावरची माणसंही उठून उभी राहिली होती. मी पदर सारखा केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कर्ण्यात म्हणाले, "समदे."