जाताना सोळा, येताना साडेचौदा

नायगावला आमचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे तीन खुर्च्या, एक एसी आणि भिंतीवर जगाचा नकाशा. तिकिटं विकली जातात, किस्से मात्र काउंटरवरच साठून राहतात. त्यांना रिफंडही नाही.

जूचंद्रचे जनूकाका दर सोमवारी यायचे. भातशेतीचा माणूस. लेक न्यूयॉर्कला. नात सहा महिन्यांची झाली, तरी काकांनी तिला फोनवरच पाहिलेली. जीव तिकडे लागलेला, पण विमानाची भीती! म्हणून तिकीट न काढता नुसतं विचारायचे, "बाय, कवरं लांब?"

मी म्हणायचे, साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. आमचे मालक सावंतसाहेब यांना माझ्या प्रत्येक उत्तरात भर घालायची सवय. त्यांनी नकाशावर फूटपट्टी धरून सरळ रेघ दाखवली. कॉम्प्युटरवर मात्र विमान उत्तरेकडून वळसा घेत होतं. काकांनी विचारलं, सरळ सोडून वाकडं कशाला?

"खाली ट्रॅफिक असतं," साहेब म्हणाले.

आमच्याकडच्या माणसाला हे लगेच पटतं.

*

एका फ्लॅटवाल्या गृहस्थांनी तिकीट निरखून पाहिलं. पहाटे दोनला निघायचं, त्याच सकाळी साडेआठला न्यूयॉर्क. म्हणजे साडेसहा तास! परतीला मात्र दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशीचे बारा. दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक समजावण्यात साहेबांचे दोन चहा संपले. सगळं ऐकून गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे. पण येतानाही जाणारंच विमान द्या ना."

दिलं, असं आम्ही सांगितलं.

*

त्याच गृहस्थांना साहेबांनी घरून सात तास आधी निघायला सांगितलं होतं. ते हसले. म्हणाले, तेवढ्यात माणूस दुबईला जाऊन परत येईल. निघाले तीन तास आधी. विमान सुटलं तेव्हा ते घोडबंदरच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये होते. तीन तासांत दुबई आली असती.

*

एका सोमवारी काकांच्या लक्षात आलं, की जाताना सोळा तास लिहिलेत आणि येताना साडेचौदा. अंतर तेच, मग दीड तास गेला कुठे? साहेबांनी समजावायला यूट्यूबवर व्हिडिओ लावला.

"म्हंजे येताना वारा पाठीमागं," काका म्हणाले. "खाडीत होडीला पन तसंच."

साहेबांचा व्हिडिओ अजून जाहिरातीतच होता. विमान म्हणजे होडीच, हे कळल्यावर काकांची भीती गेली. त्याच दिवशी तिकीट काढलं. मला मनापासून बरं वाटलं.

*

तीन महिन्यांनी काका चॉकलेटचा डबा घेऊन आले. साहेबांनी विचारलं, येताना झटकन आलात ना? काका म्हणाले, नाही, येताना जाम लांब वाटलं.

साहेबांना कुठलं राहवतंय! त्यांनी त्या दिवशीची वेळ कॉम्प्युटरवर शोधून काढली. साडेचौदाला दहा मिनिटं कमीच. स्क्रीन काकांकडे वळवून म्हणाले, "हे बघा. वारा पाठीमागं होता की."

काकांनी डबा काउंटरवर ठेवला.

"व्हता ना. पन नात पन पाठीमागंच ऱ्हायली."